सॉर्टेक्सला शिकवलं कोणी? जळगावच्या एका डाळमिलमधलं प्रकरण

जळगावच्या एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये मी हिशेब लिहितो. २०२४ च्या दिवाळीनंतर मिलमध्ये नवं सॉर्टेक्स, म्हणजे डाळ निवडणारं यंत्र, आलं. ते चालू करण्याआधी सहा बाया अकरा दिवस ताडपत्रीवर बसून तूरडाळीचे ढीग निवडत होत्या. सहा जणी, अकरा दिवस, म्हणजे ६६ रोज. ते ६६ रोज मी टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, मजुरी खात्यावर टाकले आणि पुढच्या कामाला लागलो. ती नोंद चुकीची होती. का चुकीची, हे कळायला मला जवळपास वर्ष लागलं, आणि तोवर मिलमधल्या सोळा निवडणाऱ्या बायांपैकी दहा जणी मिलबाहेर गेल्या होत्या.

मिलचं नाव इथे देत नाही, यंत्र बनवणाऱ्या कंपनीचंही नाही. माणसांचीही नावं नाहीत. ज्या बाईंभोवती हे प्रकरण फिरतं त्यांना मिलमध्ये सगळे आक्का म्हणतात. शेठसुद्धा आक्काच म्हणतात.

तूर येते, डाळ जाते

आधी काम समजून घ्यावं लागेल, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

तूर मिलमध्ये आली की चाळण्यांवरून जाते, खडे निघतात, दाण्यांची आकाराप्रमाणे वाटणी होते. मग एमरीच्या रोलवर साल खरवडली जाते, दाण्याला तेलाचा हात लागतो, माल मुरत ठेवतात, उन्हात वाळवतात, पाण्याचा शिडकावा देतात, पुन्हा रोलवर घालतात. साल गेलेला अख्खा दाणा म्हणजे गोटा. गोटा फोडला की डाळ. तुरीच्या दाण्यात डाळीचा भाग ८५ टक्क्यांच्या वर असतो, पण मिलमध्ये १०० किलो तुरीतून साधारण ७० ते ७५ किलोच डाळ हाती येते. बाकी टरफल, चुनी म्हणजे भुगा, आणि खांडा म्हणजे तुटकी डाळ. डाळमिलचा सगळा धंदा या मधल्या दहा-पंधरा किलोंत आहे. चांगली डाळ चुकून चुनीत गेली तर ती ढेपेसारखी जनावरांच्या खाद्याच्या भावाने जाते, डाळीच्या निम्म्याहूनही कमी.

शेवटी उरते निवड. डागी, किडकी, सालवाली, कच्ची हिरवट डाळ, डाळीच्याच रंगाचा खडा, कधी लाखेचा, म्हणजे लाखोळी डाळीचा, दाणा. हे सगळं काढल्याशिवाय गोणी शिवली जात नाही. पूर्वी हे काम पूर्णपणे बायांचं होतं. मेहरुण, सुप्रीम कॉलनी, कुसुंबा इथून बाया यायच्या, सरकत्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बसायच्या, आणि पट्ट्यावरून वाहणाऱ्या पिवळ्या डाळीतून नको तो दाणा उचलायच्या. ज्याने हे पाहिलं नाही त्याला वाटेल, यात काय आहे? मी स्वतः एकदा अर्धा तास बसून पाहिलं. दहा मिनिटांत सगळे दाणे सारखे दिसायला लागले आणि नंतर दोन दिवस डोळे मिटले की डाळच वाहायची.

सॉर्टेक्स हे खरं तर एका कंपनीचं नाव. ती १९४७ साली लंडनमध्ये सुरू झाली आणि १९९३ पासून स्वित्झर्लंडच्या ब्यूलर समूहात आहे. आपल्याकडे मात्र रंगावरून धान्य निवडणारं कुठलंही यंत्र सॉर्टेक्सच. किराणा दुकानात गोणीवर छापलेलं असतं, ‘सॉर्टेक्स क्लीन’. आमच्या मिलमध्ये पंधरा-सोळा वर्षांपूर्वी पहिलं आलं. उतरत्या पन्हळीतून डाळ खाली पडते, पडता पडता दोन्ही बाजूंचे कॅमेरे तिला पाहतात, आणि ठरवलेल्या मर्यादेपेक्षा दाणा काळा दिसला की दाबलेल्या हवेचा बारीक फुंकर मारून त्याला बाजूला उडवतात. डोळ्याची पापणी लवते त्याच्या कितीतरी आधी हे होऊन जातं. त्या यंत्राने पट्ट्यावरच्या बाया चाळीसच्या आसपास होत्या त्या सोळावर आणल्या. उरलेल्या सोळा जणी यंत्राने उडवलेला माल, ज्याला आम्ही रिजेक्ट म्हणतो, तो पुन्हा निवडायच्या. कारण जुन्या यंत्राला फक्त गडद-फिकट कळायचं. त्याच्या रिजेक्टमध्ये चांगली डाळ भरपूर असायची.

अकरा दिवस

नवं यंत्र वेगळं होतं. त्याचे कॅमेरे रंगीत, सोबत नजरेला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा कॅमेरा, म्हणजे डाळीच्या रंगाचा खडाही सुटायचा नाही. मुख्य फरक पुढेच होता. यंत्रासोबत आलेल्या इंजिनिअरने पहिल्याच दिवशी हिंदीत सांगितलं, याला मर्यादा ठरवून द्यायची नसते, याला शिकवायचं असतं. चांगल्या डाळीचा ढीग द्या, खराब डाळीचा ढीग द्या, दोषाप्रमाणे वेगवेगळे ढीग द्या. एकेक ढीग यंत्रातून सोडला की ते प्रत्येक दाण्याचे फोटो घेतं आणि आपोआप शिकतं.

‘आपोआप’ या शब्दावर मी तेव्हा अडलो नाही. आता अडतो. यंत्राला दिलेल्या हजारो फोटोंवर चांगलं-वाईट असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. फोटो कुठल्या ढिगातला, एवढंच त्याला कळत होतं. ढीग कोणी केला? आक्कांनी आणि त्यांच्यासोबतच्या पाच जणींनी. यंत्राने जे शिकलं ते त्यांच्या बोटांनी आधीच ठरवलेलं होतं.

जगभर हे तंत्रज्ञान असंच उभं राहिलं आहे. २००९ साली अमेरिकेत संगणकशास्त्रज्ञ फेई-फेई ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इमेजनेट नावाचा चित्रांचा साठा जाहीर केला. तो वाढून १ कोटी ४० लाख चित्रांच्या आसपास गेला. प्रत्येक चित्रात काय आहे हे इंटरनेटवर तुकड्या-तुकड्याने काम करणाऱ्या हजारो माणसांनी सांगितलं, ॲमेझॉनच्या मेकॅनिकल टर्क नावाच्या व्यवस्थेवर, दर चित्रामागे अगदी किरकोळ पैशांत. २०१२ साली याच साठ्यावर शिकलेल्या प्रणालीने चित्र ओळखण्याच्या स्पर्धेत बाकीच्यांना मागे टाकलं आणि आज जिला सगळे एआय म्हणतात त्या लाटेला जोर आला. आमच्या ताडपत्रीवरच्या सहा जणी त्याच कामाच्या रांगेत बसलेल्या होत्या. फरक इतकाच की त्यांच्या हातात माउसऐवजी सूप होतं.

आता त्या अकरा दिवसांतली एक गोष्ट सांगतो, कारण सगळं प्रकरण तिच्यावर उभं आहे.

इंजिनिअरला डागी डाळीचा एक ढीग हवा होता. आक्कांनी दोन केले. तो म्हणाला, दोन्हींत तपकिरी डाग आहेत, एकत्र करा. आक्का ऐकेनात. ऑपरेटर पोरगा कुसुंब्याचा, आयटीआय झालेला. तो दुभाषाचं काम करत होता. आक्का त्याला म्हणाल्या, “याले फेकू नका म्हना. हा तेलाचा डाग हाये, पान्याचा नही.”

मग त्यांनी दाखवलं. काढणीच्या वेळी शेतात तुरीला पाऊस लागला की दाणा आतून तपकिरी होतो. नखाने दाबून फोडला की आतही तोच रंग. अशी डाळ नीट शिजत नाही आणि तिला कुबट वास येतो. दुसरा डाग रोलवरच्या काळ्या भुकटीचा. ती तेलात मिसळून दाण्याच्या पाठीवर बसते. आतून दाणा स्वच्छ. आमच्याकडे सॉर्टेक्सनंतर डाळ ब्रशखालून जाते, तिथे हा डाग निघून जातो. दोन्ही डाग समोर ठेवले तर मला आजही एकसारखेच दिसतात. आक्का म्हणतात, पान्याच्या डागाची कड विरलेली असते, तेलाच्या डागाची कड तुटक असते. चाळीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं म्हणून त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

इंजिनिअर हुशार होता, आणि त्याने मोकळेपणाने मान्यही केलं. त्याने तेलाच्या डागाचा ढीग वेगळा घेतला आणि यंत्राला शिकवलं की हा दाणा जाऊ द्यायचा. पहिल्याच आठवड्यात रिजेक्टचं पोतं भरायला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागायला लागला. चुनीच्या भावाने जाणारी डाळ डाळीच्या भावाने जाऊ लागली. शेठनी आक्कांना साडी दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

रिजेक्टमध्ये निवडायला काही उरलं नाही, तेव्हा रिजेक्ट निवडणाऱ्या बायांचं काम संपलं. हे टाळ्यांच्या वेळी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आक्कांच्या आलं होतं की नाही, मी विचारलेलं नाही.

शेठची बाजू

शेठना खलनायक करून हे प्रकरण सोपं होईल, पण खरं होणार नाही.

जळगावची डाळ महाराष्ट्राबाहेर लांबवर जाते. सुपरमार्केट आणि ऑनलाइन किराणावाले नमुना मागवतात, त्यात डागी दाण्याची टक्केवारी मोजतात आणि एका ओळीच्या मेसेजने ट्रक परत पाठवतात. शेजारच्या मिलमध्ये नवं यंत्र आलं की आपल्याला थांबता येत नाही. वरून मालाची उलटापालट. मे २०२१ मध्ये तुरीची आयात खुली झाली. म्यानमारची लेमन, मोझांबिकची गजरी, टांझानियाची मटवारा अशी तूर मुंबई बंदरातून येऊ लागली. जून २०२३ मध्ये सरकारने तूर-उडदावर साठ्याची मर्यादा घातली आणि साठा पोर्टलवर भरणं बंधनकारक केलं. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटबंद डाळीवर ५ टक्के जीएसटी लागला, तेव्हा बाजारातल्या गोण्यांचं वजनच बदललं. हे सगळं भरताना माझंही काम बदललं. आता मी जितका वेळ वह्यांत असतो त्याहून जास्त पोर्टलांवर असतो. अशा धंद्यात शेठनी कर्ज काढून यंत्र घेतलं, तर त्यांना दोष देणं मला जमत नाही.

माझा प्रश्न दुसरा आहे. यंत्राला या देशात किती आधार आहे ते पाहा. २०२० साली केंद्राने आणलेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीत २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ७ वर्षांपर्यंत ३ टक्के व्याज सवलत ठेवली, आणि धान्य निवडण्याची, प्रतवारीची यंत्रं त्यात बसतात. छोट्या उद्योगांना त्याच वर्षीच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, १० लाखांपर्यंत अनुदान ठेवलं. आयकरात यंत्रावर दरवर्षी १५ टक्के घसारा वजा मिळतो. म्हणजे यंत्र जुनं होतं याचीही सरकार वजावट देतं. आक्कांचे डोळे जुने होतात त्याची वजावट कुठल्या रकान्यात आहे, हे मी शोधून पाहिलं. मला सापडलं ते असं.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ साली ९-अ हे कलम घातलं गेलं. यंत्रसामग्री किंवा पद्धत सुधारल्यामुळे कामगार कमी होणार असतील तर २१ दिवस आधी नोटीस द्यायची, असं त्यात आणि त्याच्या चौथ्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलं होतं. एआय हा शब्दही सामान्य माणसाने ऐकला नव्हता तेव्हा ज्यांनी हे लिहिलं त्यांनी आमच्या मिलमधला प्रसंग जणू आधीच पाहिला होता. त्याच कायद्यात वर्षभर सलग काम केलेल्याला, म्हणजे २४० दिवस भरलेल्याला, कामावरून कमी करताना दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार भरपाई होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा जाऊन औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यात नव्याने कौशल्य शिकवण्यासाठीच्या निधीची तरतूद आहे: कमी केलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांचा पगार भरायचा आणि ४५ दिवसांत तो कामगाराच्या खात्यात जमा व्हायचा. पंधरा दिवसांच्या रोजात चाळीस वर्षांची नजर असलेली बाई नवीन काय शिकणार, हे मला समजत नाही. तरी तेवढं असणंही बरंच.

पण यातलं काहीही आमच्या बायांना मिळालं नाही. त्यांची हजेरी मुकादमाच्या वहीत होती. हंगाम संपला की नाव गळायचं, नव्या हंगामात पुन्हा चढायचं. ती वही मुकादमाची असली तरी तिच्यावरून रोजाचं बिल मीच करत होतो. २४० दिवस कोणाचे भरले, कोणाचे नाही, हे वहीवरून सिद्ध करता येणार नाही अशीच ती वही होती. हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे, मंडळ आहे, मालकाने मंडळात भरायची लेव्ही आहे. गोणी उचलणाऱ्याचं नाव मंडळात असतं. त्या गोणीतला दाणा निवडणाऱ्या या सोळा जणींचं नाव कुठेच नव्हतं. २०२१ मध्ये ई-श्रम पोर्टल सुरू झालं तेव्हा सोळाही जणींची कार्डं मीच माझ्या कॉम्प्युटरवर काढून दिली होती. कार्डं त्यांच्याकडे आहेत. काम गेल्यावर त्या कार्डाकडून कोणाला एक फोनही आला नाही.

सोळा जणी

सहा जणी मिलमध्ये राहिल्या: तिघी पॅकिंगला, दोघी साफसफाई आणि वाळवणाला, एक ऑपरेटरच्या हाताखाली. हाताखालची ती पंचविशीतली, बारावी झालेली. स्क्रीनवरची अक्षरं तिला वाचता येतात म्हणून.

बाहेर गेलेल्या दहांपैकी दोघी चटईच्या कारखान्यात लागल्या. तिथे प्लास्टिकचा वास आणि रात्रपाळी. तिघी घरकामाला जातात. एक गावी परत गेली. आक्कांसह बाकीच्या कापसाच्या वेचणीला जाऊ लागल्या, किलोवर पैसे, दसऱ्यापासून पुढे दोन-तीन महिने. वेचणी हे वाकून करायचं काम आहे. निवडणीच्या कामात डोळे दुखायचे, पण सावली होती.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाहेर गेलेल्यांपैकी एक मला म्हणाली की चटईच्या कारखान्यात पगार थेट खात्यावर येतो, पीएफ कापला जातो, आणि मुकादम मध्ये नाही, म्हणून तिला ते काम बरं वाटतं. यंत्र आलं नसतं तर ती मिल सोडून गेली नसती, असंही तीच म्हणाली. तेव्हा सगळ्यांचं वाईटच झालं असं मी लिहिणार नाही. पण ज्यांचं वय पन्नासच्या पुढे होतं त्यांचं वाईटच झालं.

मटवारा

२०२५ च्या दिवाळीच्या सुमारास मटवारा तुरीचा माल आला. दाणा बारीक, रंग तांबूस. नव्या यंत्राला मागच्या वर्षी जे शिकवलं होतं ते आपल्याकडच्या तुरीवर: थोडी बीएसएमआर ७३६ सारखी लाल, थोडी बीडीएन ७११ सारखी पांढरी. मटवाराची डाळ यंत्राला ओळखू येईना. चांगली डाळ रिजेक्टमध्ये पडायला लागली, आणि ज्या दाण्यावर सालीचा पापुद्रा राहिला होता तो मात्र चांगल्यात जायला लागला. ऑपरेटरने दिवसभर खटपट केली. इंजिनिअरने त्याच्या गावाहून इंटरनेटवरून यंत्रात डोकावून पाहिलं आणि सांगितलं, नवे नमुने लागतील, ढीग करून द्या.

ढीग कोण करणार? पॅकिंगच्या तिघींनी एक दिवस प्रयत्न केला. वर्षभर निवड बंद असल्याने त्यांचा हात आखडला होता आणि तेलाचा डाग, पाण्याचा डाग यात त्या आपसांतच अडकल्या. शेठनी आक्कांना बोलावणं पाठवलं. आक्का वेचणीवरून संध्याकाळी आल्या, ऑफिसात खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या.

शेठ म्हणाले, “आक्का, चार दिवस या. रोज दीडपट देतो.”

आक्का म्हणाल्या, “मले रोज नको, शेठ. ढिगाचा भाव सांगा.”

शेठना वाटलं, त्या जास्त पैसे मागताहेत. त्या जास्त पैसे मागत होत्याच, पण मुद्दा दुसरा होता. त्यांनी तो सरळ सांगितला. रोजावर बाई बसते तेव्हा दिवस संपला की तिचं काम संपतं, उद्याची डाळ उद्याच्या रोजाला. हा ढीग तसा नाही. हा ढीग एकदा केला की यंत्र तो विसरत नाही. “त्या टायमाले आमी निवडली, आन् आमालेच घरी बसवलं. आता जे कायमचं घ्यायचं त्याचा भाव कायमचा लावा.”

मी त्या खोलीत बसलेलो होतो आणि मला माझीच नोंद दिसली.

मार्चमध्ये वर्ष बंद करताना सीएंनी यंत्रावर झालेला सगळा खर्च मागितला होता. मी यादी केली होती: ट्रकचं भाडं, क्रेन, पाया, वायरिंग, कॉम्प्रेसरची जोडणी, चाचणीत खराब झालेली डाळ, इंजिनिअरचं लॉजचं बिल आणि जेवण. हे सगळं यंत्राच्या किमतीत मिळवलं गेलं, आणि ते बरोबर होतं. लेखा मानक १० सांगतं की यंत्र काम करण्याजोगं होईपर्यंत त्याच्यासाठी थेट झालेला खर्च, चाचणीचा आणि त्यासाठी लागलेल्या माणसांच्या पगाराचासुद्धा, त्या यंत्राच्या किमतीत धरायचा. त्या यादीत इंजिनिअरचं जेवण होतं. आक्कांचे अकरा दिवस नव्हते. त्यांच्या ढिगांशिवाय ते यंत्र म्हणजे डाळ वरून खाली सोडणारी पन्हळ होती, तरीही नव्हते.

करापुरतं पाहिलं तर माझी नोंद मिलच्या फायद्याची होती. मजुरी त्याच वर्षी पूर्ण वजा होते. रक्कम लहान, ऑडिटमध्ये कोणी बोट ठेवलं नसतं, ठेवलंही नाही. पण मजुरी खात्यावर आपण जे लिहितो ते संध्याकाळपर्यंत खर्च झालेलं असतं. यंत्रसामग्रीवर लिहितो ते उद्याही कामाला येणारं असतं, म्हणून त्याची किंमत वर्षानुवर्षं वहीत राहते. आक्कांची नजर त्या यंत्रात तीन पाळ्यांत काम करत होती आणि माझ्या वहीप्रमाणे ती २०२४ च्या डिसेंबरमध्येच खर्च होऊन गेली होती.

हे मी शेठना त्याच बैठकीत सांगितलं, एवढ्या नीट शब्दांत नाही. मग कागदावर हिशेब करून दाखवला: दोन दिवसांत रिजेक्टमध्ये किती चांगली डाळ गेली, चुनीचा भाव आणि डाळीचा भाव यांत किती फरक. शेठ व्यापारी माणूस आहेत. आकडा पाहून गप्प झाले, चहा मागवला, आणि ढिगामागे भाव ठरला. सहा जणी येतील, नावं आक्का ठरवतील, नव्या जातीचा माल येईल तेव्हा पुन्हा हाच भाव. मी अर्ध्या पानाचा करार मराठीत लिहिला.

आक्कांनी त्याचा फोटो नातीला व्हॉट्सॲपवर पाठवायला लावला. नात जळगावातच कॉम्प्युटरचं शिकते. तिने फोन करून एक ओळ वाढवायला सांगितली: या नमुन्यांवर शिकवलेली सेटिंग दुसऱ्या मिलच्या यंत्रात टाकली तर त्याचे वेगळे पैसे.

मला ती ओळ सुचली नव्हती. सगळ्या प्रकरणात खरी गोम तीच आहे. ऑपरेटरला मी विचारलं, ही सेटिंग दुसरीकडे नेता येते का? त्याने पेन ड्राइव्ह लावून फाइल उतरवून दाखवली. माझा चहा संपायच्या आत उतरली. बाई एका वेळी एकाच पट्ट्यावर बसू शकते, म्हणून दहा मिलना दहा आक्का लागायच्या आणि दहा घरांत रोज यायचा. फाइलला ती अडचण नाही. आक्कांचा तेलाचा डाग आज आणखी किती यंत्रांत ओळखला जातो हे आमच्यापैकी कोणी सांगू शकत नाही, आणि विचारायची जागाही नाही.

शेठ म्हणाले, सेटिंग कंपनीकडेही जाते, ती तिचं काय करते हे माझ्या हातात नाही, जे हातात नाही त्यावर सही कशी करू? त्यांचंही खरं होतं. ती ओळ करारात राहिली नाही. नातीने फोनवर एवढंच म्हटलं, निदान खोडलेली दिसू द्या. म्हणून मी नवा कागद केला नाही. ती ओळ त्या कागदावर आहे, तिच्यावर एक आडवी रेघ आहे आणि रेघेखाली दोघांच्या सह्या.

तीन दिवसांत मटवाराचे ढीग झाले. यंत्र सुरळीत झालं.

या तीन दिवसांत दिसलेली एक गोष्ट मला जास्त सतावते. आक्कांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकायला आलाय. ऑपरेटरच्या हाताखालची ती बारावी झालेली मुलगी त्यांच्याशेजारी बसून शिकत होती. हुशार आहे, पण तिसऱ्या दिवसाच्या शेवटीही तिचे तेला-पाण्याचे ढीग आक्कांना पुन्हा चाळावे लागले. आक्का म्हणाल्या, हे तीन दिवसांचं काम नही, रोज हजार दाने बोटाखालून जावे लागतात. रोज हजार दाणे बोटांखालून जाण्याचं ते काम आता यंत्र करतं. म्हणजे नजर तयार व्हायची जागाच बंद झाली. दोन-चार वर्षांनी एखादी अशी तूर येईल जिचा डाग कोणीच पाहिलेला नाही, तेव्हा यंत्र ढीग मागेल आणि ढीग करणारं कोणी नसेल. मी शेठना सुचवलं आहे की रिजेक्टच्या टेबलावर दोन बाया कायम बसवाव्यात, निवडीसाठी नाही, शिकण्यासाठी. सध्या एक बसते, आठवड्यातून दोन दिवस.

पैसे घ्यायला आक्का ऑफिसात आल्या तेव्हा मी या वेळची नोंद त्यांना दाखवली. स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. यंत्रसामग्री खातं, सॉर्टेक्स, आणि त्याखाली मागच्या वर्षीची क्रेन, वायरिंग, लॉज. सगळ्यात खाली नवी ओळ: नमुना निवड, सहा जणी. सीएंनी फोनवर एकदा विचारलं होतं, मी लेखा मानकातलं वाक्य वाचून दाखवलं, त्यांनी ठीक म्हटलं.

आक्कांनी ओळ बोटाने वाचली. मग विचारलं, “आन् मागचे अकरा दिवस?”

मी म्हणालो, मागच्या वर्षाची चूक या वर्षीच्या हिशेबात दाखवायची सोय आहे. नोंद दुरुस्त करता येईल.

“नोंद झाली. पैशे?”

त्या ६६ रोजांचा आजच्या ढिगाच्या भावाने हिशेब काढून मी शेठच्या टेबलावर ठेवला आहे. उत्तर अजून आलेलं नाही.